वाचनाचा हिशेब पुस्तकांत मांडू नये

महिनाअखेर आली की समाजमाध्यमांवर पुस्तकांच्या चळती उभ्या राहतात. मुखपृष्ठे नीट जुळवलेली, वर महिन्याचे नाव आणि खाली आकडा: या महिन्यात नऊ, चौदा, एकवीस. त्याखाली अभिनंदनाचा पाऊस पडतो आणि आपल्याला दोनसुद्धा जमली नाहीत अशी हळहळही कोणीतरी नोंदवते. वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवण्याची हौस जुनीच. तिला स्पर्धेचे रूप दिले ते ‘गुडरीड्स’सारख्या संकेतस्थळांनी. २००७ मध्ये सुरू झालेल्या गुडरीड्सने २०११ पासून वाचकांना वर्षाच्या आरंभीच एक आकडा जाहीर करायला सांगितले. २०१३ मध्ये ॲमेझॉनने ते विकत घेतले, पण ही प्रथा टिकली आणि जगभर पसरली. वर्षाला पन्नास म्हणजे महिन्याला चार, असा भागाकार ओघानेच आला आणि आपण ठरल्यापेक्षा किती मागे पडलो आहोत हे सांगणारी सूचनाही आली. मराठी वाचकांनी ही रीत आता चांगलीच उचलली आहे. महिना संपताना आपल्या वाचनाकडे वळून पाहावे ही त्यामागची इच्छा उत्तम आहे. ज्या समाजात वाचनाविषयी बोलणे फक्त पुस्तक दिनाला आणि साहित्य संमेलनाच्या दिवसांत होते, तिथे दरमहा कोणी स्वतःच्या वाचनाचा विचार करत असेल तर त्याचे स्वागतच करायला हवे. आक्षेप आहे तो मापाला. महिन्याच्या वाचनाचा हिशेब पुस्तकांच्या संख्येत मांडला की तो वाचनाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि हळूहळू वाचनालाच वाकडे वळण लावतो. हा हिशेब मांडायचा असेल तर तो वाचकाच्या मनातल्या प्रश्नांवरून मांडावा. महिनाभरात कोणता प्रश्न पुढे सरकला, कोणता नव्याने उभा राहिला आणि वाचलेल्यापैकी काय अजून सोबत आहे, हे पाहावे.

आधी साधा गुणाकार करू. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञाने २०१९ मध्ये वाचनवेगावरच्या १९० अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. इंग्रजी वैचारिक मजकूर मनात वाचताना प्रौढ माणसाचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला, कथा-कादंबरीसाठी २६०. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्दसंख्येचा हा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही. पण अंदाजाला तो पुरतो. नोकरी, प्रवास, घर सांभाळून रोज एक तास वाचणारा माणूस महिन्यात तीस तास वाचतो. या वेगाने ते सव्वाचार लाख शब्द होतात. तीनशे पानांच्या मध्यम पुस्तकात सत्तर-ऐंशी हजार शब्द धरले, तर महिन्याला पाच-सहा पुस्तके झाली. तीही एकदाही न थांबता, एकही पान पुन्हा न उलटता. रोजचा एक तास नेमाने काढणारेच मुळात थोडे. मग एकवीसचा आकडा येतो कुठून? एक तर त्या वाचकाकडे रोज चार तास आहेत, किंवा त्याने पातळ पुस्तके निवडली, किंवा पाने भराभर उलटली. वेग वाढवण्याच्या शिकवण्या भरपूर आहेत. पण कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या विषयावरचे संशोधन तपासून काढलेला निष्कर्ष सरळ आहे. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे नेला की आकलन घटते, दोन्ही एकदम साधत नाही. अर्थात चाळणे हा गुन्हा नाही. काही पुस्तके चाळण्याच्याच लायकीची असतात. प्रश्न एवढाच की आकड्याच्या रकान्यात चाळलेले आणि पचवलेले पुस्तक सारखेच ‘एक’ ठरते. ज्या मापात हा फरक उमटत नाही, ते माप वाचकाला नकळत स्वस्तातल्या ‘एक’कडे ढकलते. चारशे पानांचा इतिहासग्रंथ आणि सत्तर पानांची लघुकादंबरी समोर असताना महिन्याची पंचवीस तारीख उलटली असेल, तर हात कुठे जाईल हे सांगायला नको.

मराठी वाचकाच्या बाबतीत हे माप आणखी तोकडे पडते, कारण त्याच्या वाचनाचा मोठा भाग ‘पुस्तक’ या खणात बसतच नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी घरात वर्षातला एक महिना अंकांचा असतो. ग्रंथालये त्यासाठी वेगळी वर्गणी घेतात आणि एकेक अंक दहा-वीस घरांतून फिरतो. या महिन्यात वाचक काय वाचतो? एका अंकातला दीर्घ लेख, दुसऱ्यातल्या दोन कथा, तिसऱ्यातला परिसंवाद, चौथ्यातल्या कविता. पूर्ण अंक वाचलेला माणूस विरळा. पुस्तके मोजणाऱ्याच्या लेखी हा महिना शून्याचा. वाचक म्हणून मात्र अनेकांचा तो सर्वांत श्रीमंत महिना असतो. दुसरे उदाहरण ‘ज्ञानेश्वरी’चे. सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ सप्ताहात सात दिवसांत वाचून होतो, म्हणजे रोज तेराशेच्या आसपास ओव्या. मोजून वाचणे आपल्याकडे होतेच, मग आजच्या आकड्यांवर टीका कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या परंपरेने पारायण दिले तिनेच प्रवचनही दिले, आणि प्रवचनात एका ओवीवर तासभर बोलले जाते. पारायणातून ग्रंथ कानावरून आणि जिभेवरून जातो, त्याची लय ओळखीची होते, सगळा गाव एकत्र बसतो. ग्रंथ समजून घेण्याचे काम मात्र वेगळ्या वेगाने, वेगळ्या वेळी व्हायचे आहे हे तिथे गृहीतच असते. सात दिवसांत ग्रंथ वाचून झाला म्हणून कोणी वारकरी ‘ज्ञानेश्वरी’ संपली असे म्हणत नाही. पुढच्या वर्षी तोच ग्रंथ पुन्हा उघडतो. महिन्याच्या यादीत तीच पोथी दुसऱ्यांदा लिहायची तर आजच्या वाचकाला मात्र थोडे ओशाळल्यासारखे होते.

एकाच पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा जाण्यातून काय घडू शकते, याचे मराठीतले ठळक उदाहरण ‘गीतारहस्य’. लोकमान्य टिळकांनी प्रस्तावनेत सांगितले आहे की गीतेशी त्यांचा पहिला परिचय १८७२ मध्ये झाला. वडील अखेरच्या आजारात होते आणि सोळा वर्षांचा मुलगा त्यांना गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखवत होता. युद्धाला उभे करण्यासाठी सांगितलेल्या ग्रंथात मोक्षाची आणि संन्यासाची एवढी चर्चा कशासाठी, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मागे लागला. भाष्ये आणि टीका वाचून समाधान होईना, तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवून मूळ गीतेचीच पारायणे केली. उपनिषदे, महाभारत, पाश्चात्त्य नीतिशास्त्र हे सारे वाचन त्या एका प्रश्नाभोवती जमत गेले. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पाचेक महिन्यांत ग्रंथ शिसपेन्सिलीने लिहून झाला आणि १९१५ मध्ये तो छापून आला. पहिल्या परिचयापासून त्रेचाळीस वर्षे. या चार दशकांतल्या कोणत्याही महिन्याचा ताळेबंद पुस्तकसंख्येत मांडला असता, तर गीतेच्या नावापुढे एक किंवा शून्य एवढेच आले असते. प्रश्नाच्या बाजूने मांडला असता, तर जवळजवळ प्रत्येक महिन्यात काहीतरी जमा दिसले असते. टिळकांची विद्वत्ता सर्वांना साधणारी नाही हे खरे, पण इथे मुद्दा विद्वत्तेचा नाही. मनात प्रश्न जागा असेल तर वाचन आपली वाट शोधते, हे सामान्य वाचकालाही लागू आहे. शेतीच्या कर्जबाजारीपणाचे कोडे पडलेला तरुण, आजारी आईसाठी मधुमेहाविषयी वाचणारी मुलगी, आपल्या गावाचा इतिहास जुळवू पाहणारा निवृत्त शिक्षक, ही सगळी माणसे अशाच तऱ्हेने वाचतात. त्यांची यादी छोटी असते आणि विस्कळीत दिसते. त्या यादीतला धागा आकड्याला दिसत नाही, एवढेच.

याचा अर्थ यादीच नको असा काढणे चूक ठरेल. चार्ल्स डार्विन १८३८ पासून १८६० पर्यंत वाचलेल्या आणि वाचायच्या पुस्तकांच्या वह्या ठेवत होता. त्यांत शास्त्रीय ग्रंथ आहेत, प्रवासवर्णने आहेत, कादंबऱ्या आहेत. एखाद्या पुस्तकापुढे ते नुसते चाळल्याची प्रामाणिक नोंद आहे. १८३८ च्या सप्टेंबरअखेर त्याने माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिले की ते वाचन करमणुकीखातर होते. प्राणी आणि वनस्पती जगू शकतील त्यापेक्षा कितीतरी अधिक संख्येने जन्मतात, मग टिकून कोण राहते, हा विचार त्याला तिथे सापडला आणि तो त्याने त्या दिवसांतच दुसऱ्या वहीत टिपून ठेवला. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले १८५९ मध्ये, एकवीस वर्षांनी. या उदाहरणावर एक हरकत घेता येते आणि ती रास्त आहे. कोणत्या महिन्यातले कोणते पुस्तक पुढे महत्त्वाचे ठरेल हे त्या महिन्याच्या अखेरीला कळत नाही. तेव्हा महिनाअखेरच्या आढाव्याने काय साधणार? उत्तर असे की आढाव्याचे काम भविष्य वर्तवणे हे नाहीच. डार्विनकडे दोन गोष्टी होत्या: काय कधी वाचले याची तारीखवार यादी, आणि त्या वाचनाने मनात काय उठले याची वेगळी टिपणे. यादीने वाट दाखवली, टिपणांनी माल सांभाळला. आज आपण पहिलीच गोष्ट हौसेने करतो आणि तिच्यावर आकडा लिहून थांबतो. दुसरी गोष्ट नसेल तर पहिली काही वर्षांनी नुसती नावांची जंत्री उरते.

हीच जोडी यरवड्यात दिसते. १९२२ च्या मार्चमध्ये सहा वर्षांची शिक्षा झालेल्या महात्मा गांधींनी तिथे सूत कातण्याच्या जोडीने वाचनालाही दिवसाचे तास नेमून दिले आणि कोणते पुस्तक कधी वाचून पुरे झाले याची रोजनिशीत नोंद ठेवली. त्या यादीत महाभारत आहे, गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास आहे, निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ आहेत. गांधी वेळेचा आणि पैशाचा हिशेब किती काटेकोर ठेवत हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे यादीचे नवल वाटत नाही. लक्षात घ्यायची गोष्ट पुढची आहे. १९२४ च्या फेब्रुवारीत सुटका झाल्यानंतर त्यांनी ‘यंग इंडिया’त तुरुंगातल्या अनुभवांवर जे लेख लिहिले, त्यांत आपण काय वाचले याविषयीही लिहिले. तिथे त्यांनी वाचकांसमोर संख्या मिरवली नाही; कोणत्या ग्रंथाने काय दिले, कोणता आधी वाचायला हवा होता, कशाने आपला समज पक्का झाला, अशा अंगाने ते बोलले. म्हणजे मोजणाऱ्या माणसानेही वाचनाचा हिशेब लोकांपुढे मांडताना आकड्याची कुबडी टाकून दिली. रोजनिशीतली यादी हे त्यांचे कच्चे टिपण होते, लेख हा आढावा होता. आज जे महिनाअखेर प्रसिद्ध होते ते बहुतेक वेळा कच्चे टिपणच असते.

टिपण आणि आढावा यांतला फरक हा केवळ आवडीनिवडीचा नाही; स्मरणशक्तीच्या अभ्यासातूनही तो सिद्ध होतो. हेनरी रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा चित्र उलटले: पुन्हा वाचणाऱ्यांना साधारण ४२ टक्के मजकूर आठवत होता, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवून दिले होते की विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की महिनाअखेरच्या आढाव्याला एक ठोस काम मिळते. पुस्तक न उघडता, त्यातले काय उरले आहे हे आठवून लिहिणे हाच तो आढावा. जे आठवले ते या आठवण्यानेच अधिक घट्ट होते. जे आठवत नाही ते कुठे सुटले हे कळते. अशा आढाव्यात कधी असेही दिसेल की महिन्याच्या सुरुवातीला मोठ्या उत्साहाने वाचलेल्या पुस्तकाविषयी तीन वाक्येसुद्धा लिहिता येत नाहीत, आणि जाता जाता वाचलेला एखादा लेख मात्र मुद्द्यांसकट लख्ख आठवतो. ही माहिती वाचकाला आपल्याविषयी जे सांगते ते कोणताही आकडा सांगणार नाही. इथे एक मर्यादा मान्य करायला हवी. हे प्रयोग माहितीपर मजकुरावर झाले आहेत. कविता किंवा कादंबरी किती टक्के आठवते यावर तिची किंमत ठरत नाही. साहित्याचे पुनर्वाचन हे विसरलेली माहिती भरून काढण्यासाठी नसतेच. पण साहित्याच्या बाबतीतही प्रश्न तोच राहतो, फक्त त्याचा सूर बदलतो: या कथेतले काय आपल्याबरोबर राहिले, आणि का?

आता सर्वांत वजनदार आक्षेप. लोक वाचतच नाहीत अशी ओरड असताना आकड्याच्या ओढीने का होईना कोणी वाचत असेल तर त्याला नावे का ठेवायची? सकाळी चालायला जाणारा पावले मोजतो, म्हणून चालणे वाईट ठरते का? हा युक्तिवाद नवशिक्या वाचकापुरता मला मान्य आहे. ज्याची सवय तुटली आहे त्याला महिन्याला एक पुस्तक हे ध्येय उपयोगी पडते, कारण त्या टप्प्यावर अडचण वेळ काढण्याची आणि बसण्याची असते. काय वाचले याची फिकीर पुढची. पण सवय लावण्यासाठी घेतलेले माप सवय लागल्यानंतरही तसेच ठेवले की ते अडथळा होते. पावले मोजणाऱ्याला प्रत्येक पाऊल सारखेच लाभते, वाचणाऱ्याला प्रत्येक पुस्तक तसे लाभत नाही. शिवाय माप हेच ध्येय झाले की माणसे ध्येयाऐवजी मापाची सोय बघू लागतात, हा अनुभव शाळेच्या गुणांपासून सरकारी योजनांच्या लाभार्थीसंख्येपर्यंत सगळीकडे येतो. मोजायचेच असेल तर तास मोजावेत, ते अधिक खरे आहे. रोज अर्धा तास ही प्रतिज्ञा जाड पुस्तकाला घाबरत नाही, कवितासंग्रहाला कमी लेखत नाही आणि दिवाळी अंकालाही आपल्यात सामावून घेते. तासांनी शिस्त सांभाळावी आणि महिन्याचा अर्थ प्रश्नांनी लावावा, अशी वाटणी केली तर सवयही टिकते आणि वाचनही तिरके होत नाही.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूने येतो. वाचन हा आनंद आहे, त्याला वही-पेन्सिल कशाला लावायची? महिन्याच्या शेवटी स्वतःचीच परीक्षा घ्यायची असेल तर शाळा काय वाईट होती? या म्हणण्यातली कळकळ खरी आहे. आनंदासाठी वाचणाऱ्याने आढावा घेतलाच पाहिजे असे बंधन कोणीही घालू नये. पण आढावा आणि आनंद यांचे वैर आहे हे मात्र पटत नाही. इंग्रज कादंबरीकार निक हॉर्नबी २००३ पासून ‘द बिलीव्हर’ या अमेरिकी मासिकात आपल्या वाचनावर सदर लिहू लागला. त्यात वर दोन याद्या असत: या महिन्यात विकत घेतलेली पुस्तके आणि वाचलेली पुस्तके. दोन्ही याद्या क्वचितच जुळत. अर्धवट टाकून दिलेल्या कादंबरीचीही तो नाव न घेता नोंद करी. घेतलेले एक आणि वाचलेले दुसरेच, एका पुस्तकाने दुसऱ्याकडे ढकलले, मध्ये फुटबॉलचा हंगाम आला आणि वाचन राहून गेले, हे सगळे सांगताना त्या सदराची खुमारी कुठेही उणावत नाही. आपल्याकडे सतीश काळसेकरांचे ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ आहे. त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लघुनियतकालिकांच्या चळवळीत वाढलेल्या या कवीने वाचनाविषयी लिहिताना पुस्तकांच्या बरोबरीने पुस्तकांभोवतीची माणसेही नोंदवली. एखाद्या वाचकाची रोजनिशी हा स्वतंत्र साहित्यप्रकार म्हणून मानाचा ठरू शकतो, हे त्या पुरस्काराने मराठीत अधिकृत केले. हॉर्नबी आणि काळसेकर दोघेही भरपूर वाचणारे, तरी त्यांच्या लेखनात आपण किती वाचले याला महत्त्व नाही. एक पुस्तक दुसऱ्यापर्यंत कसे पोहोचवते, हे त्यांना सांगायचे असते. लेखनाचा आनंद त्या साखळीत आहे, आणि ती मागे वळून पाहिल्याखेरीज दिसत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. लेखक, संशोधक, पत्रकार यांना हे परवडते. दिवसभर कामाने पिचलेल्या माणसाने महिनाअखेरीला निबंध लिहीत बसायचे का? नाही, निबंधाची गरज नाही. एका पानात भागते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुस्तके न उघडता प्रत्येकाविषयी आठवतील त्या दोन-चार ओळी लिहाव्यात. मग तीन प्रश्न: कशाने आपले मत हलवले, कोणते पुस्तक सोडले आणि का, पुढच्या महिन्यात कोणत्या शंकेचा पाठपुरावा करायचा. सोडलेल्या पुस्तकाला या पानात मानाची जागा हवी. ते कंटाळवाणे होते, की आपली तयारी कमी होती, की चुकीच्या वेळी हाती आले, यातले काय खरे हे ठरवताना आपली वाचक म्हणून जी ओळख होते ती पुऱ्या केलेल्या पुस्तकांतून होत नाही. महिनाच का, हेही विचारता येईल. महिना हे निसर्गाने दिलेले माप नाही, पण सोयीचे जरूर आहे. आठवडा फार तोकडा, त्यात मोठे पुस्तक मावत नाही. वर्षाने आठवण पुसट होते आणि डिसेंबरात बसून जानेवारीचे वाचन आठवणे म्हणजे पुन्हा यादीवरच येणे. ग्रंथालयाची वर्गणी महिन्याची, मासिके महिन्याची, घरखर्चाचा मेळही महिन्याचा. त्याच वेळापत्रकात वाचनाचे एक पान बसवणे अवघड नाही. जाड ग्रंथ महिन्यात संपत नसेल तर तो चालू आहे असे लिहून त्याने आतापर्यंत काय दिले ते नोंदवावे. संपलेच पाहिजे ही अट आकड्याची आहे, आढाव्याची नाही.

अशी बारा पाने एकापुढे एक ठेवली की आणखी एक गोष्ट दिसू लागते, आणि नागरिक म्हणून तीच सर्वांत मोलाची आहे. आपण कोणाचे वाचतो आणि कोणाचे कधीच वाचत नाही, याचा नकाशा तयार होतो. सगळी पुस्तके गेल्या दोन वर्षांतलीच आहेत का? फक्त पुण्या-मुंबईच्या लेखकांची आहेत का? मराठी वाचकाच्या यादीत मराठी किती, आणि इंग्रजीतून अनुवाद होऊन आलेली स्वयंविकासाची पुस्तके किती? दलित आत्मकथने, ग्रामीण कादंबरी, स्त्रियांचे लेखन, कोकणी किंवा कन्नडमधून आलेले अनुवाद यांना वर्षभरात एकदा तरी जागा मिळाली का? ज्यांच्याशी आपले पटत नाही अशा बाजूचे एक तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचले का? पन्नास पुस्तके एकाच मताची वाचणारा माणूस पन्नास वेळा स्वतःलाच होकार देत असतो, आणि त्याचा आकडा मात्र दिमाखदार दिसतो. विकत घेण्याच्या शिफारशी आता आपल्या मागच्या खरेदीवरून यंत्रे ठरवू लागली आहेत. जे वाचले तशाच प्रकारचे आणखी पुढे करणे हाच त्यांचा धंदा आहे. अशा वेळी आपल्या वाचनातली पोकळी आपणच शोधायला हवी, कारण ती भरून काढण्यात विक्रेत्याला रस असण्याचे कारण नाही.

ही गोष्ट व्यक्तीपुरती राहिली तरी चालली असती. पण आपल्या सार्वजनिक वाचनव्यवहारालाही आकड्याने घेरले आहे. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेल्या ग्रंथालयांचे अनुदान ठरताना ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके असे मोजता येणारे निकष पाहिले जातात. सरकारला काहीतरी मोजावेच लागते, त्यात वावगे काही नाही. मात्र शाळांतही तीच मनोवृत्ती उतरते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. उपक्रम चांगला आहे, पण त्याचा अहवाल बहुतेक ठिकाणी किती मुलांनी किती पुस्तके वाचली एवढ्यावर येऊन थांबतो. मुलाला आकडा विचारला की ते आकडा देते. त्याऐवजी महिन्यातून एक तास वर्गात राखून प्रत्येकाने या महिन्यात वाचलेल्यातले काय आठवते आणि कशाशी आपले पटले नाही, एवढेच सांगायचे, असे ठरवले तर शिक्षकाला कोणतेही अनुदान लागत नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. एवढी जुनी घरे ज्या भाषेत उभी आहेत तिथे महिन्यातून एकदा दहा-पंधरा सभासदांनी बसून आपापल्या महिन्याच्या वाचनावर बोलणे ही मोठी मागणी नव्हे. व्याख्यानमालेला श्रोते येतात, वाचकांनी मात्र बोलावे अशी जागा कमी आहे. तिथे अमुक पुस्तके वाचली म्हणून टाळ्या मिळणार नाहीत. एखादा म्हणेल की या महिन्यात एकच पुस्तक वाचले आणि त्यातल्या मुख्य म्हणण्याशी भांडत राहिलो. अशा वाचकाला मागे पडलेला समजण्याचे आपण थांबवले, तर वाचनसंस्कृतीविषयीच्या आपल्या नेहमीच्या तक्रारीतला निम्मा भाग तरी निकालात निघेल. उरलेला निम्मा पुस्तकांच्या किमतींचा आणि गावोगावच्या ग्रंथालयांच्या दुरवस्थेचा आहे. त्यासाठी सरकारकडे जाब मागायचा तर आधी वाचक म्हणून आपल्याला नेमके काय हवे आहे, हे सांगता आले पाहिजे.